पिवळं पोट निळं कसं झालं?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

गेल्या रविवारच्या पुरवणीत, दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिशांच्या हाती लागलेल्या जर्मन फोक-वुल्फ 190 विमानाचा ‘रंगीत’ फोटो आला होता. मूळ फोटो कृष्णधवल, रंग संगणकाने भरलेले. त्यात विमानाचं पोट गडद निळं आहे. माझ्या नातवाने ते बघून आपल्या 1/72 च्या (खऱ्याच्या बहात्तराव्या भागाएवढ्या) मॉडेलला खालून निळ्याचे दोन हात मारले. साडेचौदा सेंटिमीटर पंखांचं ते विमान सध्या माझ्या टेबलावर उताणं पडलंय.

मी ओझरच्या विमान कारखान्यात पेंट शॉपला होतो, त्यामुळे राहवलं नाही.

असं एक विमान इंग्रजांना तर फुकटातच मिळालं. 23 जून 1942 ला आर्मिन फाबर नावाचा वैमानिक दिशा चुकला आणि फ्रान्स समजून वेल्समधल्या पेम्ब्रीच्या धावपट्टीवर उतरला! अशी विमानं उडवून बघताना आपल्याच तोफांनी पाडू नयेत, म्हणून इंग्रज त्यांची पोटं पिवळीधमक रंगवत. (जर्मनही हाती लागलेल्या विमानांना खालून पिवळंच फासत. भीती दोघांची एकच.)

मग मूळ कृष्णधवल फोटोत पोट काळपट का? तेव्हा ऑर्थोक्रोमॅटिक फिल्मही वापरात होती. तिला लाल दिसतच नाही, पिवळा जेमतेम दिसतो, निळा मात्र भरपूर. म्हणून पिवळं काळपट येतं आणि निळं फिकं. सगळेच रंग दिसणाऱ्या पॅनक्रोमॅटिक फिल्मवर तेच पोट उजळ येईल.

पडताळा फोटोतच असतो. हाती लागलेल्या विमानावरही इंग्रज आपलं गोल चिन्ह रंगवत, आणि विमानाच्या अंगावरच्या त्या चिन्हाला तेव्हा बाहेरून पिवळी कड असे. ती कड आणि पोट ताडून बघायचं. मूळ फोटो मिळवून नातवाला भिंगाखाली दाखवला. कड जवळजवळ काळी, पोटही तसंच, आणि चिन्हातला निळा त्या दोघांपेक्षा फिका. तो म्हणाला, “आजोबा, मग संगणकाने कड पिवळी आणि पोट निळं कसं केलं?” चिन्ह ओळखीचं, म्हणून कड बरोबर भरली. पोटाला अंदाज ठोकला.

पाठीच्या रंगावर मात्र मी पैज लावणार नाही. करडा आणि तपकिरी अशा फोटोत अगदी एकसारखे दिसू शकतात, आणि जुन्या जर्मन क्रॉसच्या खुणेवर ती झाकायला घाईने मारलेला ठिगळाचा रंग तर तिसराच असतो.

विनंती एवढीच, की असे फोटो छापताना शेजारी मूळ कृष्णधवल फोटोही द्यावा, लहान का होईना. रंग भरलेले आहेत हे फोटोखालीच लिहावं, पान 7 च्या कोपऱ्यात नको. पोरं छापलेलं खरं मानतात.

निळ्यावर थेट पिवळा मारला तर हिरवट झाक येते, आधी पांढरा हात द्यावा लागतो. तो आज सकाळी दिलाय. वाळतोय.

— एक निवृत्त रंगारी, सिडको, नाशिक