एका झीलकऱ्याचं पत्र, अमेरिकन गायिका एमीलू हॅरिस यांना

एमीलूताई,

सप्रेम नमस्कार.

हे पत्र तुमच्यापर्यंत पोहोचायचं नाही, आणि पोहोचलं तरी तुम्हाला मराठी कुठलं वाचता येतंय. पण ऋण मनात ठेवून चैन पडेना, म्हणून चारचौघांत लिहितोय.

मी झीलकरी. पोवाड्यात शाहीर डफ घेऊन पुढे उभा राहतो. तुणतुणं आणि झांज घेऊन मागे उभे असतात ते आम्ही. शाहिराची ओळ संपत आली की 'जी जी रं जी' करत सूर उचलायचा, त्याला दम घ्यायला सवड द्यायची. बावीस वर्षं एकाच शाहिरामागे हे केलं. ते गेले आणि माझं तुणतुणं खुंटीला गेलं.

दोन वर्षांपूर्वी लेकीकडे कॅलिफोर्नियात गेलो होतो. जावई जोशुआ ट्रीचं वाळवंट दाखवायला घेऊन निघाला. गाडीत एक गाणं लागलं. पुरुषाचा आवाज कातर, मधूनच घसरणारा. आणि बाईचा आवाज त्याच्या काखेत हात घालून त्याला सावरत घरी नेणारा. शब्द निम्मेसुद्धा कळले नाहीत. झील मात्र कळली.

"कोण गातंय?" मी विचारलं.

"ग्रॅम पार्सन्स. इथेच एका मोटेलात गेला."

"तो नाही रे. बाई कोण?"

मग लेकीच्या घरी रिकामा वेळच वेळ. तुम्हा दोघांचं मिळेल ते ऐकलं, लेकीकडून वाचून घेतलं. तुम्हाला ते सांगायची गरज नाही, पण आमच्या मंडळींसाठी सांगतो. ग्रॅमच्या आजोबांच्या फ्लोरिडात संत्र्यांच्या मोठाल्या बागा. पैसा रग्गड, पण घराला सुख नाही. 1958 च्या नाताळाला दोन दिवस असताना वडिलांनी आत्महत्या केली. 1965 मध्ये त्याची शाळा संपली, त्याच दिवशी दारूने पोखरलेली आई गेली. हार्वर्डमध्ये एक सत्र काढून हा गडी गाण्याकडे वळला तो कायमचा.

1968 मध्ये 'बर्ड्स' या रॉकवाल्यांच्या बँडमध्ये शिरून त्याने त्यांना कंट्रीच्या, म्हणजे तिकडच्या खेड्यापाड्यातल्या गाण्याच्या, वाटेला लावलं. नॅशव्हिलच्या रायमन सभागृहात 'ग्रँड ओल ओप्री'चा कार्यक्रम, म्हणजे कंट्रीवाल्यांची पंढरीच. तिथे ही लांब केसांची पोरं उभी राहिली. ठरलेलं गाणं बाजूला ठेवून ग्रॅमने स्वतःचं 'हिकरी विंड' आजीसाठी म्हणून गायलं. आयोजक भडकले. मला विचाराल तर ठरलेलं गाणं ऐनवेळी बदलणं चूकच, मागच्यांचा जीव जातो. पण गाणं ऐकल्यावर मी त्याला माफ केलं. पुढे बर्ड्सबरोबर केलेल्या तबकडीतल्या काही गाण्यांतून त्याचा आवाज काढून दुसऱ्याचा घातला; जुन्या कराराचं लचांड आडवं आलं होतं. 'फ्लाइंग बरिटो ब्रदर्स' या त्याच्या पुढच्या बँडच्या काळात त्याने शिवून घेतलेला पांढरा सूट तर काय सांगावा! त्यावर अफूची फुलं, गांजाची पानं, गोळ्या, आणि पाठीवर भलामोठा क्रूस. आमच्या शाहिरांचा फेटा जरा जास्त लाल झाला तरी गावात चर्चा व्हायची.

लोक ज्याला कंट्री-रॉक म्हणतात ते रुजवणाऱ्यांत हा पहिल्या फळीतला. त्याच्या हयातीत एकही तबकडी धड खपली नाही.

तुम्ही तेव्हा वॉशिंग्टनच्या क्लबांमध्ये गात होता, पदरात लहान मुलगी. बर्ड्समधल्या ख्रिस हिलमनने तुमचं नाव ग्रॅमच्या कानावर घातलं, आणि पुढे त्याने तुम्हाला लॉस एंजेलिसला बोलावून घेतलं. जानेवारी 1973 मध्ये 'जीपी' ही त्याची तबकडी तुमच्या साथीने आली. 19 सप्टेंबरला तो जोशुआ ट्रीच्या त्या मोटेलात, आठ नंबरच्या खोलीत गेला. मॉर्फीन आणि दारू. वय सव्वीस. मित्रांनी विमानतळावरून शवपेटी पळवून वाळवंटात जाळली, ती गोष्ट लोक चवीने सांगतात. जावयानेही आधी तीच सांगितली.

मला गोष्ट हवी आहे ती त्यानंतरची. 'ग्रीव्हस एंजल' ही त्याची दुसरी तबकडी पुढच्या वर्षी निघाली. वेष्टनावर तुम्हा दोघांचा फोटो यायचा होता. आला त्याच्या एकट्याचा. झीलकऱ्यांना याची सवय असते. तुम्ही मात्र त्याची गाणी उचललीत. 1975 च्या 'एलीट हॉटेल'मध्ये त्याची तीन गाणी घेतलीत आणि ती तबकडी कंट्रीच्या यादीत पहिली आली. जे त्याला जमलं नाही ते त्याच्या गाण्यांना तुमच्या तोंडून मिळालं. 1979 मध्ये 'हिकरी विंड' गायलंत. 1999 मध्ये त्याच्या गाण्यांची एक तबकडी इतरांकडून गाऊन घेतलीत. तेव्हा त्याला जाऊन सव्वीस वर्षं झाली होती, त्याच्या आयुष्याएवढी.

शाहीर लोकांकडे बघतो आणि झीलकरी शाहिराच्या ओठांकडे. म्हणून अख्खा पोवाडा त्यालाही पाठ असतो. हे मला ठाऊक होतं, पण त्याचं काही करायचं असतं हे तुमच्यामुळे सुचलं. आमच्या शाहिरांनी कागदावर काही ठेवलं नाही. परत आल्यावर मी दोनशे पानी वही आणली. आजवर अकरा पोवाडे उतरवले. पहिल्यांदा त्यांच्या ओळी माझ्या तोंडून मोठ्याने निघाल्या तेव्हा बायको स्वयंपाकघरातून बाहेर येऊन दारात उभी राहिली, बोलली काही नाही.

बाराव्याला अडलोय. आमचा झांजवाला म्हणतो शाहीर 'घोडी' म्हणायचे, मी म्हणतो 'घोडा'. रविवारी तो येतोय. तुणतुण्याला नवी तार लावून ठेवली आहे.

तुमचे उपकार मानतो, ताई.

आपला,
एक झीलकरी