ओंकारला, पहिल्या टेस्टिंगच्या आधी

प्रिय ओंकार,

अनेक आशीर्वाद.

साहेबांनी युजेबिलिटी, म्हणजे ॲप लोकांना सहज वापरता येतं का ते बघणं, शिकून घे म्हटलं आणि तू मला विचारलंस, कुठला कोर्स करू? कोर्स कर की, पण सावकाश. आधी तुमच्या पतसंस्थेच्या ॲपचे चार स्क्रीन पेन्सिलीनं कागदावर काढ आणि ऑफिसबाहेरच्या कुणापुढे तरी ठेव. कोडला हात लावायच्या आधी. तुला हा पोरखेळ वाटणार, माहीत आहे मला.

1984 च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकसाठी आयबीएमच्या जॉन गूल्ड आणि त्यांच्या मंडळींनी खेळाडूंकरता आवाजी निरोपांची यंत्रणा केली. गावाकडच्या माणसांनी फोनवरून निरोप ठेवायचा, खेळाडूनं क्रीडाग्रामातल्या यंत्रावर तो ऐकायचा. त्यांची सुरुवात कशानं झाली? छापील प्रसंगांनी. कोण काय दाबेल, त्याला काय ऐकू येईल, एवढंच कागदावर लिहून लोकांना वाचायला दिलं. वापरणाऱ्यांसाठीची माहितीपुस्तिकाही आधीच लिहायला घेतली. पुढे नमुना तयार झाला तो प्रयोगशाळेच्या येण्याजाण्याच्या वाटेवर मांडून ठेवला. शेवटी कॉम्प्युटर शिकणाऱ्या मुलांना बोलावून सांगितलं, हे मोडून दाखवा!

याच गूल्डनी क्लेटन लुईसबरोबर 1985 मध्ये तीन गोष्टी मांडल्या: वापरणारा आणि त्याचं काम सुरुवातीपासून ओळखा, प्रत्यक्ष वापरायला देऊन मोजा, सुधारून पुन्हा मोजा. ऐकणारे म्हणायचे, यात नवीन ते काय! पण सिस्टिम कशी कराल ते लिहून द्या म्हटल्यावर या तिन्ही गोष्टी लिहिणारे फार थोडे निघाले. तुमच्या टीममध्ये विचारून बघ एकदा.

किती माणसं लागतात, हा तुझा पुढचा प्रश्न असेल. याच विषयाचे अभ्यासक जेकब नील्सन आणि टॉम लँडॉवर यांनी 1993 मध्ये हिशोब मांडला. त्यांनी तपासलेल्या प्रकल्पांत एका माणसाला सरासरी 31 टक्के अडचणी लागत होत्या. दुसऱ्याला त्यातल्या बऱ्याच पुन्हा लागतात आणि थोड्या नव्या, तिसऱ्याला आणखी थोड्या नव्या. असं करत पाचव्यापर्यंत साधारण 85 टक्के हाती येतात. म्हणून एकदम पंधरा जण बसवण्यापेक्षा पाच बसव, दुरुस्त कर, मग नवे पाच. मात्र 31 हा आकडा त्या प्रकल्पांचा आहे, तुमचा तसाच निघेल असं नाही. शिवाय तुमचे सभासद, काउंटरवरचे कर्मचारी आणि पिग्मी एजंट ही तीन वेगळी गिऱ्हाइकं आहेत. त्यांची सरमिसळ करून पाच मोजू नकोस.

आता खरी अडचण. आपली माणसं तुझ्या तोंडावर वाईट बोलणार नाहीत. ॲप अडून बसलं तरी म्हणतील, "छान केलंय हो, मलाच जमत नाही." वर चहा घेऊन जा म्हणतील. मुंबईत अपाला लाहिरी चव्हाण यांनी यावर नामी युक्ती काढली होती, तिला 'बॉलिवूड पद्धत' म्हणतात. समोरच्याला सिनेमातला प्रसंग द्यायचा: भाचीचं लग्न ठरलंय आणि कळलं की नवरदेव सुपारी घेऊन खून करणारा आहे, वर आधीच लग्न झालेला. तुमच्याकडे पुरावा आहे. त्याच्या बायकोला घेऊन बंगळुरूला पोचायचंय, तिकीट काढा! एरवी गप्प राहणारी माणसं मग तिकिटाच्या साइटबद्दल भडाभडा बोलायला लागली. मला विचारशील तर परदेशातून आलेल्या दहा तक्त्यांपेक्षा मोलाची गोष्ट आहे ही.

तुला एवढं नाट्य नको असेल तर निदान काम नीट सांग. "आवर्ती ठेवीचं खातं उघडा" म्हणू नकोस, स्क्रीनवरचा शब्दच तू त्यांच्या तोंडात घातलास असं होतं. "मुलीच्या लग्नासाठी दरमहा हजार रुपये बाजूला टाकायचेत" एवढंच सांग. पैसे आणि खातं खोटं ठेव, त्यांची खरी शिल्लक पडद्यावर आणू नकोस. परीक्षा ॲपची आहे, तुमची नाही, हे आधी सांग. मनात येईल ते मोठ्यानं बोलत राहा म्हण. आणि मग तोंडाला कुलूप लाव. काकूंचं बोट चुकीच्या जागी घुटमळतंय आणि "इथे दाबा" असं तुझ्या ओठांवर आलंय, नेमकं तेव्हा वहीत लिहायचं असतं. सायकल शिकवताना तुझे बाबा सीट सोडत नव्हते, आठवतं? तसं करू नकोस.

जॉन ब्रुक यांची 1986 ची दहा वाक्यांची प्रश्नावली, एसयूएस (सिस्टिम युजेबिलिटी स्केल), शेवटी भरून घे; प्रत्येक वाक्य कितपत पटतं ते सांगायचं. गुण 0 ते 100 मध्ये येतात, पण ते टक्के नव्हेत. सरासरी 68 च्या आसपास असते. आपल्याकडे भिडेपोटी लोक जास्तच देतात, तेव्हा 80 आले म्हणून पेढे वाटू नकोस. काम पुरं झालं का आणि किती वेळ लागला, ते आधी बघ.

नील्सन आणि मोलिक यांची तज्ज्ञ-तपासणी, म्हणजे जाणकारांनी ठरलेल्या नियमांवरून स्क्रीन तपासायची, 1990 ची, सोपी आहे. तिघाचौघांनी वेगवेगळं बसून करायची, कारण एकट्याला जेमतेम एक तृतीयांश चुका दिसतात. हे तुझं तू वाचशील.

पिग्मी एजंटला मात्र एसी ऑफिसात बोलावू नकोस. तो उन्हात, गाडी स्टँडला लावून, एका हातात सुटे पैसे धरून फोन बघतो. बाजाराच्या दिवशी सकाळी त्याच्या फेरीला जा. त्याची परवानगी असेल तर रेकॉर्डिंग मला पाठव. अहवाल नको, मला तो कुठे अडतो ते बघायचंय.

बाबांचा गुडघा आता बरा आहे. टोपी घेऊन जा.

तुझी,
आई