आरोग्यमंत्र्यांना खुलं पत्र: फीत कापून झाली, मशीन कधी चालू करताय?

मा. आरोग्यमंत्री महोदय,

सविनय नमस्कार. पत्राचा विषय कंबर. माझी. तुमची ठणठणीत असेलच, आणि नसली तरी तिच्या स्कॅनसाठी तुम्हाला कुणी पुढची तारीख देणार नाही. हे पत्र मी उभ्याने टाइप करतेय, कारण बसलं की डाव्या कुल्ह्यातून जी कळ सुटते ती थेट पोटरीत उतरते, त्यामुळे शुद्धलेखनाकडे आणि नम्रतेकडे थोडं दुर्लक्ष करा.

आमच्या सरकारी हॉस्पिटलात एमआरआय मशीन आलं तेव्हा तुम्ही स्वतः आला होतात, फीत कापलीत, महिनाभरात रुग्णांसाठी खुलं होईल असं माइकवरून सांगितलंत. टाळ्या मीसुद्धा वाजवल्या, तेव्हा वाकता येत होतं. परवा केसपेपर घेऊन तिथे गेले तर दाराला कुलूप. का, तर टेक्निशियनची पोस्ट भरलेली नाही. मशीन आहे, खोली आहे, दारावर तुमच्या नावाची पाटी आहे, चालवणारं माणूस तेवढं नाही!

तुमचे अधिकारी लगेच सांगतील की कंबरदुखीला उठसूट एमआरआय लागत नाही. मान्य आहे साहेब, मला कुणी शिकवू नये, एवढ्या रात्री जागून काढल्यात की सगळं वाचून झालंय. १९९४ सालचा एक अभ्यास आहे, पाठ अजिबात दुखत नसलेल्या ९८ लोकांचा एमआरआय काढला तर निम्म्याहून जास्त जणांच्या मणक्यातली चकती कुठे ना कुठे फुगलेली निघाली. म्हणून डॉक्टर सुरुवातीचे सहा आठवडे गोळ्या, हालचाल, फिजिओ यावरच ठेवतात, बहुतेकांचं दुखणं तेवढ्यात उतरतं पण. माझ्या डॉक्टरांनीही तेच केलं आणि मी कुरकुर केली नाही. पण मग पाऊल बधिर झालं, डाव्या पायाचा अंगठा वर उचलेना, चप्पल पायातून सुटून मागे राहिली तरी कळेना. तेव्हा त्यांनीच केसपेपरवर लाल पेनने अर्जंट लिहून मोठ्या हॉस्पिटलला पाठवलं. तिथल्या खिडकीवर या अर्जंटला मिळालेली तारीख काही महिन्यांनंतरची आहे. खिडकीतल्या माणसाने आवाज खाली करून सांगितलं, ताई बाहेरून करून घ्या.

बाहेर त्याच संध्याकाळी नंबर लागला. मुलीच्या फीसाठी बाजूला ठेवलेले पैसे काउंटरवर मोजले, त्यावर तिथला मुलगा म्हणतो, मॅडम अख्ख्या मणक्याचं पॅकेज घेऊन टाका ना. म्हणजे ज्याला गरज नाही त्यालाही आग्रहाने वाढायचं आणि ज्याचा पाय लुळा पडत चाललाय त्याने तुमच्याकडे तारखेची वाट बघायची, छान वाटणी आहे. आत टेबलावर सरळ उताणं झोपवलं, माझं सगळं दुखणं नेमकं तेवढं करण्यातच आहे. गुडघ्याखाली उशी, कानाला हेडफोन, हातात दाबायला रबरी फुगा, आणि ती ठकठक सुरू झाली की दात आवळून पडून राहायचं. मध्ये कळ आली, पाय हलला, स्पीकरवरून आवाज आला की फोटो हलला, तेवढा भाग परत घ्यावा लागेल. मी रडले. रडलं तरी अंग हलतं म्हणून तेही थांबवलं.

रिपोर्ट आला, एल फोर-एल फाइव्हची, म्हणजे कंबरेच्या चौथ्या आणि पाचव्या मणक्यामधली चकती बाहेर येऊन नस दाबतेय. फिल्म नाही, सीडी दिली. ती घेऊन सरकारी ओपीडीत परत गेले तर तिथल्या कॉम्प्युटरला सीडी घालायची सोयच नाही! डॉक्टरांनी माझ्या मोबाइलवर रिपोर्टचा फोटो बोटांनी मोठा करून पाहिला, बाहेर रांग दारापर्यंत आलेली, त्यांना तरी काय बोलणार, म्हणाले सर्जन फोटो स्वतः बघितल्याशिवाय निर्णय देत नाहीत, आपल्याकडची तारीख येऊ दे. म्हणजे परत तीच तारीख. मग फीचे पैसे मी कशासाठी मोजले?

आणि बंद मशीन म्हणजे फुकट पडलेलं मशीन असं समजू नका. त्यातलं चुंबक द्रव हेलियममध्ये उणे २६९ डिग्रीला गार ठेवावं लागतं, त्यासाठी रात्रंदिवस वीज लागते, आत पेशंट असो नसो. आम्ही बाहेर कण्हायचं आणि कुलपाआड तुमचं मशीन आमच्याच टॅक्सच्या विजेवर थंड हवा खातंय.

आकडे हवेत तर घ्या, जागतिक आरोग्य संघटना सांगते की २०२० साली जगात ६१ कोटी ९० लाख लोकांना कंबरदुखी होती आणि २०५० पर्यंत ही संख्या ८४ कोटींवर जाणार. तोपर्यंत तुम्ही आणखी किती फिती कापणार? मशीनचं टेंडर निघतं, फोटो निघतो, टेक्निशियनच्या पगाराचा फोटो निघत नाही म्हणून ती पोस्ट रिकामी राहते, हेच ना? नर्सचं तेच, रेडिओलॉजिस्टचं तेच, शाळेत कॉम्प्युटर येतात आणि शिकवणारा येत नाही तेही हेच. सगळीकडे वस्तू विकत घेतात आणि माणूस नेमायची वेळ आली की तिजोरीत खडखडाट.

मागणी फार मोठी नाही. टेक्निशियन नेमा. ज्यांच्या पायातली ताकद जातेय त्यांची रांग वेगळी करा. आणि ज्याची लघवी अडकलीय, बसायची जागा बधिर झालीय त्याला तर त्याच दिवशी आत घ्यायला हवं, उशीर झाला तर ते नुकसान आयुष्यभराचं असतं, हे खिडकीवरच्या माणसाला कुणीतरी लिहून द्या. बाहेरची सीडी उघडेल असा एक कॉम्प्युटर ठेवा, तो ठेवलात तर त्याचीही फीत खुशाल कापा, मी टाळ्या वाजवायला येते, फक्त खुर्चीत बसायला सांगू नका.

उत्तर देणार असाल तर 'आपला अर्ज संबंधित विभागाकडे वर्ग करण्यात आला आहे' हे पाठवू नका, ते मला आधीच आलंय. टेक्निशियन कोणत्या तारखेला रुजू होतोय तेवढं कळवा.

आपली,
तारखेच्या रांगेतली एक पेशंट