ते गाणे दोनदाच हवे होते

आदरणीय महोदय,

सप्रेम नमस्कार.

आपण दुरुस्त करून दिलेली दादाची कॅसेट हाती येऊन तीन आठवडे झाले. फोनवर मी आभार मानले खरे, पण गळा दाटून आल्यामुळे धड बोलता आले नाही. म्हणून हे पत्र, आणि तेही उघड, कारण आपण काय केलेत हे बिग स्टार या अमेरिकन रॉक बँडवर जीव असलेल्या इतरांनाही कळावे असे मला वाटते.

माझ्या दादाने या बँडवर उभे आयुष्य प्रेम केले. मेम्फिसच्या या मंडळींचा पहिला अल्बम १९७२ साली आला, दुसरा, 'रेडिओ सिटी', १९७४ साली. समीक्षकांनी दोन्हींना डोक्यावर घेतले, परंतु वितरणाचा असा विचका झाला की परीक्षण वाचून दुकानात गेलेल्या माणसाला रेकॉर्डच मिळत नसे. या बँडच्या ज्या ॲलेक्स चिल्टनने वयाच्या सोळाव्या वर्षी 'द बॉक्स टॉप्स' या आधीच्या बँडसाठी गायलेले गाणे १९६७ साली अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेले होते, त्याच्याच पुढच्या कामाची ही गत व्हावी, याची दादाला अशी चीड येई की जणू त्याच्या घरातलेच काही कुणी हिरावून नेले आहे.

पण त्याचा खरा जीव होता तो तिसऱ्या अल्बमवर. १९७४ साली आर्डेंट स्टुडिओत जिम डिकिन्सन यांच्या देखरेखीखाली तो मुद्रित झाला तेव्हा बँड जवळजवळ संपलेला होता, आणि गाण्यांचा क्रम कधी पक्का झालाच नाही. त्यामुळे १९७८ साली तो बाहेर आला तेव्हा एक क्रम, १९९२ च्या आवृत्तीत दुसरा, आणि चाहत्यांच्या घरी ज्याचा त्याचा निराळा. दादाने आपला क्रम एका कॅसेटवर भरून ठेवला होता. त्यात 'थँक यू फ्रेंड्स' अगदी सुरुवातीला होते आणि तेच गाणे शेवटी पुन्हा होते. मी एकदा कारण विचारले, तेव्हा तो म्हणाला, "पहिल्यांदा ऐकताना ते टोमण्यासारखे वाटते. मधले सगळे ऐकून झाले की तेच मनापासून म्हटलेले वाटते."

दादा गेल्यानंतर काही महिन्यांनी ती फीत यंत्रात अडकून तुटली. मी ती घेऊन ज्यांच्याकडे गेले, त्यांतल्या एकाने "ही गाणी कुठेही मिळतात, टाकून द्या" असे सांगितले. दुसऱ्याने फीत जोडून तिची सीडी करून दिली, पण गाण्यांमधली शांतता कापून टाकली, छापील क्रमाप्रमाणे गाणी लावली आणि 'चुकून दोनदा आलेले' गाणे एकदाच ठेवले. हे सारे त्याने मोठ्या अभिमानाने 'सुधारणा' म्हणून सांगितले. त्या दिवशी मला दादा पुन्हा एकदा गेल्यासारखे वाटले. काम येत नसेल तर माणसाला क्षमा करता येते, पण समोरच्याला काय हवे आहे हे न विचारताच काम उरकणाऱ्याला क्षमा करणे मला अजून जमलेले नाही.

आपण मात्र फीत पाहिलीत, कॅसेटच्या डबीतले हस्ताक्षरातले कार्ड वाचलेत आणि पहिलाच प्रश्न विचारलात, "हा क्रम कुणाचा?" तोवर हे मला कुणीही विचारले नव्हते. पुढे आपण काय जोडले, कसे स्वच्छ केले, ते मला कळत नाही आणि त्याचा तपशील मी विचारणारही नाही. मला एवढेच ठाऊक आहे की दोन गाण्यांच्या मध्ये दादाने बटण दाबल्याचा तो खट् आवाज अजून तिथे आहे, आणि शेवटचे गाणे शेवटी आहे. जुने कार्ड फाटेल म्हणून आपण नवे लिहून दिलेत, त्यात 'थँक यू फ्रेंड्स' दोन्ही ठिकाणी लिहिलेत आणि दुसऱ्या ठिकाणी पुढे बारीक अक्षरात 'हे असेच हवे' असे नोंदवलेत. ते तीन शब्द मी किती वेळा वाचले असतील, सांगता येणार नाही.

दुकानांनी ज्यांना जागा दिली नाही त्या या गाण्यांना अशाच माणसांनी सांभाळले आहे. त्यांनी कॅसेटी भरून दिल्या, रेकॉर्ड उसन्या दिल्या आणि अनोळखी माणसाच्या आवडीलाही मान दिला. आपण दादाला कधी भेटला नाहीत, तरी त्याचा शब्द आपण पाळलात.

येत्या महिन्यात त्याचा वाढदिवस आहे. त्या संध्याकाळी आम्ही घरचे बसून दोन्ही बाजू, एकही गाणे न वगळता, ऐकणार आहोत. आपल्याला सवड असेल तर आपणही जरूर यावे. दादाची खुर्ची आम्ही आपल्यासाठी ठेवू.

आपली कृतज्ञ,
त्याची धाकटी बहीण