क्यूसी लॅबमधून एमसीएपर्यंत: ताई, तुमचे मनापासून आभार

प्रिय ताई,

सप्रेम नमस्कार.

परवा एमसीएचं, म्हणजे संगणकातल्या पदव्युत्तर कोर्सचं, पदवी प्रमाणपत्र हातात पडलं. निकाल, नोकरी हे सगळं तुम्हाला फोनवर वेळोवेळी कळवलं आहेच. पण फोनवर आभार मानायला गेलं की तुम्ही "बरं बरं, जेवलीस का?" म्हणून विषय बदलता. म्हणून हे पत्र, आणि तेही उघड. बीएस्सी होऊन एखाद्या एमआयडीसीत लागलेल्या आणि 'आयटीत जावं का' या विचारात अडकलेल्या बऱ्याच मुली मला भेटतात. तुम्ही माझ्यासाठी काय केलंत हे त्यांनाही कळू दे.

मी बार्शीहून रसायनशास्त्रात बीएस्सी करून कुरकुंभच्या एका औषध कंपनीत क्यूसीला, म्हणजे गुणवत्ता तपासणीच्या लॅबमध्ये, लागले आणि हडपसरला तुमच्या सासूबाईंकडे पेइंग गेस्ट म्हणून राहायला आले, तेव्हा पुढे काय करायचं याचा काही आराखडा नव्हता. एचपीएलसीवर (औषधात कोणता घटक किती आहे ते मोजणारं यंत्र) नमुने लावायचे, आलेख तपासायचे, आकडे आधी वहीत, मग एक्सेलमध्ये, मग रिपोर्टात उतरवायचे. या सगळ्यात मला एक्सेलचंच काम जास्त आवडायचं. मर्यादेबाहेरचा आकडा आपोआप लाल होईल अशी मी बनवलेली शीट तुम्हाला दाखवली, तर तुम्ही ती उघडून शांतपणे शेवटपर्यंत बघितलीत. मग विचारलंत, "हे तुला कोणी सांगितलं होतं करायला?" कोणीच नाही म्हटल्यावर म्हणालात, "मग बस, बोलू."

त्या बोलण्याने माझी दिशा ठरली. मी जावा या प्रोग्रामिंग भाषेच्या सहा महिन्यांच्या कोर्सचे पैसे भरायच्या बेतात होते. तुम्ही नोकऱ्यांच्या जाहिराती उघडून एकेक करून पात्रतेचा रकाना वाचायला लावलात. बीई, बीटेक, एमसीए. पुन्हा बीई, बीटेक, एमसीए. "क्लासने जावा येईल, पण इथे तुझा अर्जच पुढे सरकणार नाही," असं स्पष्ट सांगितलंत. बारावीला गणित असल्याने मला एमसीए करता येईल, हेही तेव्हाच कळलं. तुमच्या वेळी हा कोर्स तीन वर्षांचा होता, 2020-21 पासून तो दोन वर्षांचा झालाय, आणि तुम्हाला वाटणारा त्याचा सगळ्यात मोठा फायदा म्हणजे कॅम्पस प्लेसमेंटला बसता येणं. नोकरी करत बाहेरून पदवी घेण्याचा पर्यायही तुम्ही मांडलात आणि माझ्यासारखीला तो का पुरणार नाही तेही सांगितलंत. ही मोकळी तुलना दुसऱ्या कोणीच केली नव्हती. जो तो आपापल्या कोर्सची भलामण करत होता.

बाबा पुण्याला आले तो दिवस मी विसरणार नाही. चालू पगार सोडून दोन वर्षं पुन्हा शिकायचं, तेही कर्ज काढून, हे त्यांच्या गळी उतरेना. शेत गहाण टाकावं लागेल अशी धास्ती वेगळीच. तुम्ही त्यांच्यापुढे पोह्यांची बशी ठेवलीत आणि कागदाच्या मधोमध रेघ ओढलीत. डावीकडे फी, खोलीभाडं, मेस आणि दोन वर्षांचा बुडणारा पगार, सगळं लिहिलंत, काही लपवलं नाहीत. उजवी बाजू कोरी ठेवून म्हणालात, "काका, नोकरी लागल्यावर पगार किती मिळेल ते मी लिहिणार नाही. ते कोणालाच छातीठोकपणे सांगता येणार नाही." मग खात्रीचं तेवढंच सांगितलंत: कुठे कुठे अर्ज करता येईल, शेवटच्या सत्रात कंपनीत काम करायला मिळेल, 4 लाखांपर्यंतच्या शैक्षणिक कर्जाला बँका सहसा तारण मागत नाहीत आणि हप्ते कोर्स संपल्यानंतर सुरू होतात. बाबांना आकड्यांपेक्षा ती कोरी बाजू पटली. घरी जाऊन आईला म्हणाले, "बाई खोटं बोलत नाही."

एमसीएच्या सीईटीची, म्हणजे प्रवेश परीक्षेची, तयारी मी शिफ्ट सांभाळून केली. 90 मिनिटांत 100 प्रश्न: गणित आणि संख्याशास्त्र, तर्क, इंग्रजी आणि संगणकाची ओळख. गणित गंजलं होतं, ते तुम्ही रविवारी दुपारी घासून घेतलंत. पण परीक्षेपेक्षा जास्त उपकार झाले ते कॅपच्या, म्हणजे केंद्रीय प्रवेश प्रक्रियेच्या वेळी. ऑप्शन फॉर्म, म्हणजे कॉलेजांच्या पसंतीची यादी, हा एवढा विचार करून भरायचा असतो हे मला माहीतच नव्हतं. पहिल्या पसंतीचं कॉलेज पहिल्याच फेरीत लागलं की पुढच्या फेरीचा रस्ता बंद, म्हणून वर काय लिहायचं यावर आपण रात्री उशिरापर्यंत बसलो. मुंबईची व्हीजेटीआय आणि एसपीआयटी वर, मग पुण्यातली कॉलेजं, तुमच्या ओळखीच्यांना विचारून विचारून लावलेली. याच सुमारास एका एजंटाने संस्थास्तरावरची (कॅपबाहेर कॉलेज स्वतः भरतं ती) जागा 'आजच्या आज' देतो म्हणून फोन केला होता. तुम्ही मला थांबवलंत. राजर्षी छत्रपती शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्तीसाठी प्रवेश कॅपमधूनच झालेला लागतो, हे तुम्हाला ठाऊक होतं. पुण्यात कॅपमधून जागा मिळाली आणि महाडीबीटी या सरकारी पोर्टलवर अर्ज भरून माझी निम्मी शिकवणी फी वाचली. (आता 2024-25 पासून 8 लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरांतल्या ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांची शिकवणी फी पूर्ण माफ आहे. हे वाचणाऱ्या मुलींनो, उत्पन्नाचा दाखला आणि जातीची कागदपत्रं आधीच काढून ठेवा, प्रवेशाच्या गर्दीत तहसीलला खेटे घालायची वेळ येऊ देऊ नका.)

आणि आहेराची वही! पहिल्या सत्रात डेटाबेस शिकताना नॉर्मलायझेशन, म्हणजे एकच माहिती पुन्हा पुन्हा येऊ नये म्हणून तक्ते वेगळे करणं, डोक्यावरून जात होतं. 1970 साली आयबीएमच्या कॉडने रिलेशनल मॉडेल (माहिती तक्त्यांत मांडायची पद्धत) मांडलं, हे पाठ झालं होतं, कळलं काहीच नव्हतं. तुम्ही माळ्यावरून स्वतःच्या लग्नातली आहेराची वही काढलीत. नाव, गाव, तालुका, आहेर, रक्कम. एकच मामा साखरपुड्यालाही आणि लग्नालाही. कुर्डुवाडीपुढे एका ओळीत माढा लिहिलेलं, तर दुसऱ्या ओळीत कोणीतरी बार्शी ठोकून दिलेलं. तुम्ही विचारलंत, "तालुका माणसावर ठरतो की गावावर?" गावावर. मग गावांचा तक्ता वेगळा, माणसांचा वेगळा, आहेराचा वेगळा, आणि आहेराच्या तक्त्यात माणसाचा फक्त नंबर. तिसरा नॉर्मल फॉर्म, म्हणजे नॉर्मलायझेशनची तिसरी पायरी, मला त्या वहीने शिकवला. आजही नवीन तक्ता आखताना मी हाच प्रश्न विचारते: हा रकाना नक्की कशावर ठरतो?

आमची बॅच बाहेर पडायच्या सुमाराला बाजार थंड होता. टीसीएस, इन्फोसिस आणि विप्रो या तिघांची मिळून कर्मचारीसंख्या 2023-24 या एका वर्षात सुमारे 64 हजारांनी घटली. कॅम्पसला येणाऱ्या कंपन्या रोडावल्या, आलेल्या तारखा पुढे ढकलू लागल्या. वर्गात रडारड झाली, मीही त्यात होते. तेव्हा तुम्ही बंगळूरला गेला होतात, तरी रात्री फोनवर बसून माझा बायोडेटा नव्याने लिहून घेतलात. मी क्यूसीमधली नोकरी खाली एका ओळीत दडवली होती. तुम्ही ती वर आणलीत. "जावा येणारे हजार आहेत. एचपीएलसीसमोर उभं राहिलेले किती आहेत? प्रयोगशाळांची सॉफ्टवेअरं बनवणाऱ्या कंपन्या शोध."

शोधल्या. त्यातल्याच एकीच्या मुलाखतीत मला विचारलं, नमुन्याचा निकाल एकदा नोंदवल्यावर बदलता यावा का? मी म्हटलं, यावा, पण जुना आकडा, कोणी बदलला, कधी आणि का, हे सगळं राहिलंच पाहिजे. लॅबमध्ये आम्ही चुकलेला आकडा गिरवत नसू. तो वाचता येईल अशी एकच रेघ मारून शेजारी सही आणि तारीख टाकत असू. अमेरिकेच्या एफडीएचा, म्हणजे तिथल्या औषध नियामक संस्थेचा, 21 सीएफआर भाग 11 हा नियम, 1997 पासून लागू असलेला, इलेक्ट्रॉनिक नोंदींबाबत जवळपास हेच मागतो, हेही सांगितलं. समोरचे दोघं एकमेकांकडे बघून हसले आणि पुढचा प्रश्न थेट तक्ते आखण्याचा आला. तो तर आहेराच्या वहीतलाच होता.

ताई, बाकीचे सगळे मला 'केमिस्ट्री सोड आणि आयटीत ये' म्हणत होते. केमिस्ट्री सोबत घेऊन ये म्हणणाऱ्या तुम्ही एकट्याच. एमसीएने मला कंपनीच्या दारात उभं केलं, आणि आत गेल्यावर कामी आली ती कुरकुंभची ती वर्षं. ती वाया गेली असं मी मनाशी धरून बसले होते. त्यांची किंमत तुम्ही मला दाखवलीत, यासाठी मी तुमची कायमची ऋणी आहे.

कर्जाचा हप्ता माझ्याच पगारातून जातो. बाबा आता गावातल्या दोघा-तिघांना कागदावर रेघ ओढून हिशेब समजावतात, उजवी बाजू कोरी ठेवून. आईने तुमच्यासाठी शेंगाचटणी कुटून ठेवली आहे. पुढच्या महिन्यात ऑफिसच्या कामाने बंगळूरला येतेय, तेव्हा घेऊन येते. सासूबाईंना नमस्कार सांगा. या वेळी विषय न बदलता माझे आभार ऐकून घ्या, एवढीच विनंती.

तुमची,
धाकटी बहीण