पॅड नवे, पिना जाम

संपादक महोदय,

समुद्राची खारी हवा, चार महिने पाऊस आणि वर लाल चिखल. गोव्यात एसयूव्हीचे ब्रेक पॅड कमी-जास्त झिजतात, त्यात दोष बहुधा पॅडचा नसतो. तरीही गॅरेजमध्ये नवा सेट चढवून गाडी मालकाच्या हवाली केली जाते आणि काही महिन्यांत तीच तक्रार परत येते.

काढलेले पॅड भंगारात जाण्याआधी मागून घ्यावेत आणि एकाच चाकाचे दोन्ही शेजारी ठेवून पाहावेत. बहुतेक एसयूव्हींत कॅलिपर, म्हणजे पॅड डिस्कवर दाबणारा चिमटा, सरकता असतो. पिस्टन आतला पॅड दाबतो आणि कॅलिपर दोन पिनांवर सरकून बाहेरचा पॅड डिस्कवर ओढतो. पिना गंजल्या की सगळा भार आतल्या पॅडवर येतो. आत 3 मिमी आणि बाहेर 8 मिमी उरले असतील, तर आधी पिना पाहाव्यात, मग पिस्टन. पॅड पाचरीसारखा तिरका झिजला असेल, तर एकच पिन अडकली आहे किंवा पॅडचे कान ज्या खाचेत बसतात तिथे गंज फुगला आहे.

काम तासाभराचे आहे. पिना काढून पुसाव्यात. खड्डे पडले असतील तर बदलाव्यात. पिनांवरची फाटकी रबरी टोपणे (बूट) परत बसवू नयेत, पाणी तिथूनच शिरते. खाच वायर ब्रशने घासून क्लिपा नव्या घालाव्यात. ग्रीस ब्रेकसाठीचे सिलिकॉनचेच हवे. बेअरिंगचे ग्रीस लावले की रबर फुगते आणि पिन पुन्हा जाम होते (नेमका हाच डबा गॅरेजात हाताशी असतो!). काही गाड्यांत एका पिनेला रबरी बाही असते, तिची जागा बदलू नये.

पेडल सोडल्यावरही ब्रेक चाक धरून राहत असेल, तर ब्लीडर, म्हणजे कॅलिपरवरचा तेल-हवा सोडण्याचा स्क्रू, सैल करून पाहावा. चाक लगेच सुटले, तर बहुधा होज, म्हणजे ब्रेकचे तेल नेणारी रबरी नळी, आतून बुजला आहे. नाही सुटले, तर बिघाड कॅलिपरमध्ये आहे. पॅड एकाच चाकाचे बदलू नयेत, डाव्या-उजव्या दोन्ही चाकांचे बदलावेत.

ड्रम ब्रेकच्या टिपरची गोष्ट वेगळी. तिथे लायनर (ड्रमला आतून घासणारे अस्तर) कमी-जास्त झिजतात ते लायनर ड्रमवर रेटणाऱ्या कॅमचे बुश सैल झाल्याने किंवा दोन्ही बाजूंचे, लायनर आणि ड्रममधले अंतर साधणारे स्लॅक अॅडजस्टर सारखे न लावल्याने. ऑटोमॅटिक अॅडजस्टर दर खेपेला पान्याने आवळत बसणे हा उपाय नव्हे. तो बिघडला असेल तर बदलावा. चोर्ला किंवा अनमोड घाट उतरताना ज्या बाजूचा ब्रेक जास्त धरतो, तोच ड्रम तापतो आणि गाडी त्या बाजूला ओढते.

बिलावर ‘पॅड बदलले’ एवढेच लिहिण्याऐवजी गॅरेजवाल्यांनी आतल्या-बाहेरच्या पॅडची जाडी मिलिमीटरमध्ये लिहून द्यावी आणि ‘पिना काढून साफ केल्या’ असा शेराही मारावा.

– एक वाचक, फोंडा