बाबा, गुरुवारी सांगलीला जायचंच आहे

प्रिय आई-बाबा,

काल फोन ठेवला आणि मला झोपच लागेना. बाबा तुम्ही म्हणालात, आता दम लागत नाही, सूज उतरली, मग पेट्रोल जाळून परत सांगलीला तपासणीला कशाला, आणि मी नुसती चिडले, नीट काही सांगितलंच नाही. म्हणून आज ड्युटीवरून आल्या आल्या लिहायला बसलेय. आई तू हे त्यांना मोठ्याने वाचून दाखव, मधे टीव्ही लावू देऊ नकोस.

बाबांना हार्ट फेल्युअरने, म्हणजे हृदयाचं पंपिंग कमी पडतंय म्हणून, अॅडमिट करायच्या आदली रात्र डोळ्यासमोरून हलत नाही माझ्या. व्हिडिओ कॉलवर आई तू बाबांच्या नडगीवर अंगठा दाबून काढलास तर कणकेत बोट रुतावं तसा खड्डा, आणि तो भरेचना. इथे इंग्लंडात लीड्सला वॉर्डात मी रोज असे पाय दाबून बघते, पण आपल्या माणसाचा पाय स्क्रीनवर बघताना हात कापायला लागले. त्यात मग कळलं की तीन रात्री बाबा खुर्चीत बसून झोपत होते, आडवं झालं की श्वास कोंडतो म्हणून, आणि कुणाला सांगितलं नाही. बाबा हे असं परत करू नका हो.

आई तुझ्या मनात अजून ते आहे ना, की शेजारच्या बेडवाल्याला मशीन लावून चोवीस तास औषध चालू होतं आणि बाबांना नुसती इंजेक्शनं दिली, म्हणजे आपल्याला कमी ट्रीटमेंट मिळाली. तसं नाहीये. नेमकी हीच गोष्ट अमेरिका-कॅनडात ३०८ पेशंटवर तपासलीय, २०११ साली छापून आलं, पाणी काढायचं तेच औषध निम्म्यांना थेंब थेंब सतत आणि निम्म्यांना दिवसातून दोनदा इंजेक्शनने, आणि आराम पडण्यात काही फरक निघाला नाही. त्यामुळे ते मनातून काढून टाक.

मला राग आहे तो डिस्चार्जच्या दिवसाचा. बिल भरा, सही करा, गोळ्यांची पिशवी घ्या, निघा. ते पाच पानी कार्ड कुणी बसून समजावलं नाही. म्हणून मी सांगते. अंगातलं पाणी निघालं म्हणून तुम्हाला बरं वाटतंय, पण इकोमध्ये, म्हणजे हृदयाच्या सोनोग्राफीत, पंपिंग ३० टक्के आलं होतं ते आठ दिवसांत वाढत नसतं. ते सुधारायचं काम त्या बारक्या बारक्या गोळ्यांचं आहे, आणि त्या आत्ता तुम्हाला अगदी सुरुवातीच्या डोसला दिल्यात. तो डोस वाढवायचा असतो. कुठे वाढवायचा, किती वाढवायचा, हे तपासल्याशिवाय कुणी सांगू शकत नाही, मीसुद्धा नाही, आणि गुरुवारची अपॉइंटमेंट त्यासाठीच आहे.

यावर स्ट्राँग-एचएफ नावाचा मोठा अभ्यास झालाय, २०२२ ला निकाल आला. बाबांसारखेच हार्ट फेल्युअरने अॅडमिट झालेले १०७८ पेशंट, १४ देशांतले. अर्ध्यांना नेहमीसारखं सोडलं. बाकीच्यांचे डोस घरी जायच्या आधीच पूर्ण डोसच्या निम्म्यापर्यंत वाढवले आणि दोन आठवड्यांत पूर्ण डोसवर न्यायचं ठरवलं, दोन महिन्यांत चार वेळा बोलावून बीपी, नाडी, वजन, रक्तातलं पोटॅशियम, किडनीसाठी क्रिएटिनिन सगळं बघत बघत. सहा महिन्यांनी मोजलं तर नेहमीच्या पद्धतीत १०० पैकी २३ जण एकतर परत हार्ट फेल्युअरने अॅडमिट झाले नाहीतर गेले, आणि ज्यांना बोलावून बोलावून डोस वाढवले त्यांच्यात १५. फरक एवढा दिसला की अभ्यास मधेच थांबवला, अर्ध्यांना या काळजीशिवाय ठेवणं बरोबर नाही म्हणून. आणि बाबा, तुम्ही म्हणाल तिकडच्या गोष्टी तिकडे, तर यात नायजेरिया आणि मोझांबिकसुद्धा होते, मशीन नाही, ऑपरेशन नाही, गोळ्या त्याच ज्या तुमच्या पिशवीत आहेत. हां, डोस वाढवताना बीपी उतरणं वगैरे त्रास त्यांना जास्त झाले हे खरं, पण गंभीर त्रास दोन्हीकडे जवळपास सारखेच होते, आणि म्हणूनच तर दर वेळी तपासायचं. घरबसल्या ना गोळी वाढवायची ना अर्धी करायची. बाबा तुम्ही सकाळची गोळी अर्धी करून घेताय हे मला आईने सांगितलंय, तिच्यावर चिडू नका.

आता आई तुझ्यासाठी. तू फुलपात्राने मोजून पाणी देतेस, आणि बाबा ओठ कोरडे पडले म्हणून अजून मागतात, मग तू रडतेस आणि ते रागावतात. ब्राझीलमध्ये ७५ अॅडमिट पेशंटवर बघितलंय, दिवसाला फक्त ८०० मिली पाणी आणि मीठ एकदम कमी असं ठेवलं तर वजन उतरायला काही जास्त मदत झाली नाही, तहानेने मात्र लोक हैराण झाले. म्हणून गुरुवारी डॉक्टरांनाच विचार की दिवसाला नक्की किती पाणी चालेल. ते सांगतील तेवढं बिनधास्त दे, त्याहून कमी करून स्वतःच्या आणि त्यांच्या जिवाला त्रास नको. लोणचं-पापड मात्र बंदच, त्यात माझं काही ऐकायचं नाही.

आणि त्यांना उठू दे गं. पाणीसुद्धा तू हातात आणून देतेस. सहा दिवस बेडवर पडून मांड्यांतली ताकद गेलीय. अॅडमिट असतानाच म्हाताऱ्या पेशंटना खुर्चीतून उठवणं, तोल सांभाळणं, चालवणं सुरू केलं तर तीन महिन्यांनी त्यांचं चालणं-फिरणं बरंच सुधारलेलं असतं, अमेरिकेत ३४९ जणांवर तसं दिसलंय. तर बाबा, ओट्यापासून तुळशीपर्यंत सकाळ संध्याकाळ चाला, दम लागला की थांबा.

दादाला मी फोन केलाय, तो गुरुवारी आठला गाडी घेऊन येईल. सोबत डिस्चार्ज कार्ड, सगळ्या गोळ्यांची पाकिटं आणि वजनाची वही. रोज सकाळी लघवीला जाऊन आलं की चहाच्या आधी वजन करायचं आणि आई तू काट्याचा फोटो मला पाठवायचास. तीन दिवसांत दोन किलो वाढलं तर गुरुवारची वाट बघायची नाही, त्याच दिवशी फोन. रात्री उशी वाढवावीशी वाटली तरी फोन. इथे तेव्हा किती वाजलेत याचा विचार करू नका.

तुमची,
माई